नॅनोतंतूंचं ड्रेसिंग बनवायचंय? आधी जखमेकडे बघा

इलेक्ट्रोस्पिनिंगची, म्हणजे विजेच्या ओढीने पॉलिमरचे अतिसूक्ष्म तंतू कातण्याच्या पद्धतीची, तोंडओळख व्हायला फार दिवस लागत नाहीत. सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण, सुईला उच्च विद्युतदाब, समोर अर्थिंग केलेला धातूचा पत्रा. एवढ्या भांडवलावर पहिल्याच दुपारी फॉइलवर पांढरा थर धरू लागतो आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो देखणाही दिसतो. नवीन माणूस इथेच फसतो, कारण तंतू छान आले म्हणजे ड्रेसिंग झालं असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात हा थर ओल्या जखमेवर बसणार असतो, आणि कोरडेपणी सुंदर दिसणारे बरेच थर ओले झाले की विरघळतात, आक्रसतात नाहीतर चिकट पापुद्रा होऊन बसतात. म्हणून या लेखातला क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. आधी जखम, मग पदार्थ, आणि यंत्र त्यानंतर.

इथे सांगितलेलं सगळं प्रयोगशाळेतल्या कामापुरतं आहे. हाताने बनवलेला थर, कितीही स्वच्छ दिसला तरी, माणसाच्या जखमेवर ठेवायचा नसतो.

जखमेला काय हवं असतं

१९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या उथळ जखमांवर केलेला प्रयोग या क्षेत्रात सगळ्यांना माहीत असतो. पॉलिथीनच्या पातळ फिल्मखाली ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने धरली. तोवर जखम वाळू द्यावी, खपली धरू द्यावी असाच समज होता. पण ओलावा हवा म्हणजे डबकं हवं असं नाही. स्राव साचला की भोवतालची धड कातडीही पांढरी पडून भिजते आणि जखम वाढते.

इथे आकडे उपयोगी पडतात. निरोगी त्वचेतून दिवसाला दर चौरस मीटरमागे साधारण २०० ग्रॅम पाण्याची वाफ बाहेर पडते. मांस भरत असलेल्या उघड्या जखमेतून हाच आकडा ५००० ग्रॅमच्या वर जातो. ड्रेसिंगने यांच्या मध्ये कुठेतरी असावं. २००० ते २५०० ग्रॅम ही मर्यादा संशोधनात वारंवार सांगितली जाते. नॅनोतंतूंच्या थरात ८० ते ९० टक्के जागा मोकळी असते, त्यामुळे तो हवा आणि वाफ भरपूर जाऊ देतो. स्राव वाहणाऱ्या जखमेला हे मानवतं. कोरड्या जखमेवर मात्र नुसता असा थर ठेवला तर ती आणखी सुकते. अशा जखमेसाठी मागे एखादी फिल्म जोडावी लागते किंवा मुळात दुसरंच काही वापरावं लागतं.

दुसरा प्रश्न ड्रेसिंग काढायचं की जखमेतच विरघळू द्यायचं, हा. याचं उत्तर पहिल्याच दिवशी ठरवा, कारण पॉलिमर त्यावरच ठरतं. दोन्ही वाटांची उत्पादनं आज वापरात आहेत. रेस्ट्राटा हे पॉलीग्लॅक्टिन ९१० आणि पॉलीडायॉक्सॅनोन या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरांच्या तंतूंचं आहे, ते काढायचं नसतं. स्पिनकेअर हे हातात धरायचं उपकरण थेट जखमेवरच तंतूंचा थर टाकतं आणि खाली नवी त्वचा आली की तो सुटून येतो. तुमचं ड्रेसिंग काढायचं असेल, तर पेशी तंतूंत शिरून घट्ट बसणं हा गुण राहत नाही, तो दोष ठरतो. ओढताना नवी त्वचा सोबत निघते. शोधनिबंधांत ‘पेशी छान चिकटतात’ हे वाक्य नेहमी कौतुकाने येतं. ते वाचताना हा प्रश्न मनात असू द्या.

जिवाणू साधारण १ मायक्रोमीटरचे आणि थरातली छिद्रं त्याहून लहान, म्हणून जिवाणू आत येऊ शकत नाहीत, हे विधानही तपासल्याशिवाय करू नका. ओला होऊन थर फुगला की छिद्रांचा आकार बदलतो.

तेव्हा कामाच्या वहीच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहा: जखम कोणत्या प्रकारची, स्राव किती, ड्रेसिंग किती दिवस राहणार, निघणार की विरघळणार.

पॉलिमर निवडताना

हात बसवण्यासाठी पीव्हीए, म्हणजे पॉलीव्हायनिल अल्कोहोल घ्या. ते पाण्यात विरघळतं, विषारी द्रावकांची भानगड नाही, आणि तंतूही सहज देतं. घेताना बाटलीवर दोन गोष्टी वाचा: रेणुभार आणि हायड्रोलिसिसची टक्केवारी, म्हणजे मूळ पॉलिमरचा किती भाग अल्कोहोलात बदलला आहे ते. ८७ ते ८९ टक्क्यांचं पीव्हीए लवकर विरघळतं, कातायला सोपं, पण त्याचा थरही पाण्यात तितक्याच लवकर जातो. ९८-९९ टक्क्यांचं पाण्यात जास्त टिकतं, पण त्याच्या द्रावणाचा पृष्ठताण जास्त असल्याने ते सुईपाशी त्रास देतं. तिथे ट्रायटन एक्स-१०० सारख्या पदार्थाचा थेंबभर आधार घेतात. मात्र तो पदार्थ पेशींना सोसत नाही, म्हणजे नंतर धुऊन काढण्याचं काम वाढतं.

पीसीएल, म्हणजे पॉलीकॅप्रोलॅक्टोन, दणकट आणि लवचिक. पण ते पाण्याला जवळ करत नाही. त्याच्या थरावर पाण्याचा थेंब टाकला तर मण्यासारखा तसाच उभा राहतो. स्राव शोषायचा असेल तर एकट्या पीसीएलचा उपयोग नाही. शरीरात ते पूर्ण नाहीसं व्हायला दोनेक वर्षं लागतात, तेव्हा ‘जैवविघटनशील’ या शब्दावर भुलू नका. जिलेटिन पेशींना आवडतं, पण साध्या तापमानाला पाण्यात त्याची जेली होते, म्हणून त्यासाठी अॅसेटिक आम्ल किंवा फ्लोरिनयुक्त अल्कोहोलं वापरतात. कायटोसान जिवाणूरोधक म्हणून सगळ्यांना हवंसं वाटतं. एकट्याने ते जवळपास कातलंच जात नाही, कारण त्याच्या साखळ्यांवर धनभार असतो आणि त्या एकमेकींना ढकलतात. सोबत मोठ्या रेणुभाराचं पॉलीइथिलीन ऑक्साइड दिलं की काम होतं.

माझं मत विचाराल तर पहिले काही आठवडे पीव्हीए आणि त्यानंतर पीसीएल-जिलेटिनचं मिश्रण. एकाने ताकद द्यायची, दुसऱ्याने पाणी धरायचं. सुरुवातीलाच चार पॉलिमर, दोन औषधं आणि चांदीचे नॅनोकण एकत्र करणाऱ्याला शेवटी कशामुळे काय झालं हे सांगता येत नाही.

द्रावण

तंतू होण्यासाठी द्रावणातल्या पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींत पुरेशा गुंतलेल्या असाव्या लागतात. गुंता कमी असला की धार तुटते आणि थेंब पडतात. थोडा बरा असला तर तंतूंवर मणी येतात. पुरेसा असला की सलग तंतू मिळतो. सगळी बटणं फिरवूनही मणी जात नसतील तर कारण बहुतेक वेळा बीकरमध्ये असतं.

पीव्हीएची पद्धत अशी. रेणुभार १ लाखाच्या आसपासचं घ्या. १० ग्रॅम पॉलिमरला ९० ग्रॅम शुद्ध पाणी. पावडर थंड पाण्यात, ढवळत असताना, थोडी थोडी सोडा. गरम पाण्यात एकदम टाकली तर बाहेरून जेली धरलेल्या गाठी होतात आणि त्या तासन्‌तास विरघळत नाहीत. पावडर नीट भिजली की तापमान ८० ते ९० अंशांपर्यंत वाढवा आणि झाकण ठेवून दोन-तीन तास ढवळत ठेवा. बीकरचं वजन आधी आणि नंतर करा, उडालेलं पाणी भरून काढा. हे कोणी करत नाही, आणि मग १० टक्क्यांचं द्रावण प्रत्यक्षात ११ टक्क्यांचं निघतं. थंड झाल्यावर रात्रभर झाकून ठेवा म्हणजे बुडबुडे निघून जातात. सुईतून बुडबुडा आला की धार तुटते आणि थरावर थेंबाचा डाग पडतो.

८, १० आणि १२ टक्के अशी तीन द्रावणं एकदमच करून ठेवा. तिघांचे तंतू शेजारी शेजारी बघितले की सांद्रतेचा परिणाम जितका कळतो तितका वाचून कळत नाही.

यंत्र सुरू करण्याआधी

दोन धोके आहेत, वीज आणि वाफ. १० ते २५ हजार व्होल्टचा दाब असतो. बंद केल्यावरही सुईवर आणि यंत्रात भार उरतो, म्हणून हात घालण्यापूर्वी अर्थिंगच्या दांडीने तो उतरवायचा, प्रत्येक वेळी. दार उघडलं की वीज तुटेल अशी सोय पेटीला असावी आणि खोलीत दुसरं कोणीतरी असावं. क्लोरोफॉर्म किंवा डीएमएफ (डायमिथाइलफॉर्मामाइड) हे द्रावक वापरत असाल तर काम वाफ ओढणाऱ्या कपाटातच. ज्वलनशील द्रावकाची वाफ साचलेल्या बंद पेटीत ठिणगी उडाली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता मांडणी. २२ गेजची, टोक बोथट असलेली सुई, फॉइल गुंडाळलेला पत्रा १५ सेंटिमीटरवर, पंप तासाला ०.५ मिलिलिटरवर. आधी पंप लावा, सुईच्या टोकाला थेंब येऊ द्या, मग दाब ८ हजारांपासून हळूहळू वाढवा. सुईमागे काळा कागद आणि बाजूने दिवा लावलात तर पुढचं सगळं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. गोल थेंब आधी लांबट होतो, मग त्याला टोक येतं. हाच टेलरचा शंकू. जेफ्री टेलर यांनी १९६४ साली त्याचा अर्धकोन ४९.३ अंश काढला होता. टोकातून निघालेली धार एखाद-दोन सेंटिमीटर सरळ जाते आणि मग अचानक धूसर होऊन फिस्कारते. तिथे तिची अनेक तोंडं झालीत असं वाटतं, पण ती एकच धार असते, फक्त इतक्या वेगाने गरगरत असते की डोळ्यांना वेगळी दिसत नाही. तंतू बारीक होतो तो याच गरगरण्यात. अर्ध्या मिलिमीटरच्या सुईतून काहीशे नॅनोमीटरचा तंतू कसा निघतो याचं उत्तर त्या वीतभर अंतरात आहे.

शंकू स्थिर राहील तो दाब धरून ठेवा. वरील मांडणीत तो सहसा १२ ते १८ हजारांच्या दरम्यान सापडतो. थेंब गळत असेल तर पंप जास्त आहे किंवा दाब कमी पडतोय. शंकू सुईच्या आत ओढला जात असेल तर नेमकं उलट. दोन-तीन धारा फुटत असतील तर दाब उतरवा. फॉइलवरचे तंतू एकमेकांत वितळल्यासारखे चिकटलेले दिसले तर ते ओलेच पोचताहेत: अंतर वाढवा, पंप कमी करा, आणि हवेतली आर्द्रता बघा. पाण्यातल्या पीव्हीएला ३० ते ४५ टक्के आर्द्रता मानवते. ६० च्या वर गेली की पाणी वाटेत उडतच नाही. क्लोरोफॉर्मसारख्या झटकन उडणाऱ्या द्रावकात वेगळाच प्रकार होतो. दमट हवेत तंतूंच्या अंगावर बारीक खड्डे पडतात. काल छान झालेलं आज का होत नाही, या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा आर्द्रतामापकावर असतं, तेव्हा रोजचा आकडा वहीत हवाच. तंतू फॉइल सोडून पंपावर किंवा तुमच्या बाहीवर येऊ लागले तर अर्थिंगची तार तपासा.

किती वेळ कातायचं

‘चार तास कातलं’ ही नोंद निरुपयोगी आहे. चौरस सेंटिमीटरवर किती मिलिग्रॅम पॉलिमर पडलं ते लिहा. १० टक्क्यांच्या १ मिलिलिटर द्रावणात साधारण ०.१ ग्रॅम पॉलिमर असतं. ते १०० चौरस सेंटिमीटरवर पसरलं तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर १ मिलिग्रॅम येतं. तासाला ०.५ मिलिलिटरने याला दोन तास लागतात. पीव्हीएची घनता १.३ धरली तर भरीव पापुद्रा ८ मायक्रोमीटरहून पातळ झाला असता. थरात ८० टक्के पोकळी आहे, म्हणून जाडी ४० मायक्रोमीटरच्या आसपास येते. म्हणजे दोन तासांच्या कष्टाचं फळ एका कागदाहूनही पातळ. हा थर स्वतःच्या बळावर खूप स्राव शोषेल ही अपेक्षा हिशेबातच बसत नाही. म्हणून नॅनोतंतूंचा थर जखमेला लागून आणि शोषून घेणारं गॉज किंवा फोम त्याच्या मागे, अशी जोडी बरेच जण करतात.

स्थिर पत्र्यावर थर मध्ये जाड आणि कडेला विरळ होतो. फिरता ड्रम आणि सुई डावी-उजवीकडे सरकवण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर तुकडे मधल्या भागातूनच कापा आणि प्रत्येकाचं वजन लिहा.

पाण्याची चाचणी, सूक्ष्मदर्शकाच्याही आधी

२ बाय २ सेंटिमीटरचा चौकोन कापा, वजन करा, ३७ अंशांच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे सामू स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, २४ तास ठेवा. काढल्यावर बाजू मोजा, मग वाळवून पुन्हा वजन करा. स्वस्त चाचणी, पण बहुतेक थर इथेच गळतात. पीव्हीएचा नुसता थर काही मिनिटांत नाहीसा होईल. पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरचा तुकडा निम्म्याहून लहान झालेला दिसला तर गोंधळू नका. कातताना ताणल्या गेलेल्या साखळ्या ३७ अंशांना, ओल्यात, सैल होऊन आक्रसतात. पीसीएल-जिलेटिनमध्ये आकार टिकतो, पण वजन घटतं, म्हणजे जिलेटिन निघून गेलेलं असतं.

उपाय क्रॉसलिंकिंगचा, म्हणजे साखळ्या एकमेकींना बांधण्याचा. पीव्हीएचा थर मेथॅनॉलमध्ये बुडवून ठेवला की त्याची स्फटिकता वाढते आणि तो पाण्याला जास्त दाद देत नाही. यात नवं रसायन थरात जात नाही, म्हणून मला ही पद्धत पहिल्यांदा करून बघायला आवडते. द्रावणातच सायट्रिक आम्ल घालून कातलेला थर ओव्हनमध्ये तापवणं ही दुसरी वाट. जिलेटिनसाठी ग्लुटाराल्डिहाइडची वाफ परिणामकारक आहे, मात्र उरलेलं ग्लुटाराल्डिहाइड पेशी मारतं. जेनिपिन महाग आणि थराला निळसर करणारं, पण पेशींना बरंच सौम्य. काहीही निवडा, नंतर थर धुवा, आणि हीच पाण्याची चाचणी पुन्हा करा.

यातून पार पडलेला थर मग सोन्याचा मुलामा देऊन सूक्ष्मदर्शकाखाली न्या. कोरडा एक आणि भिजवून वाळवलेला एक, दोन्ही. इमेजजे या चित्रांवरून मापं घेणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किमान १०० तंतूंची जाडी मोजा आणि सरासरीसोबत पसाराही लिहा. मोजायला फक्त सुंदर कोपरा निवडण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

औषध घालायचं असेल तर

द्रावणातच औषध मिसळून कातलं की त्यातलं बरंचसं तंतूच्या पृष्ठभागाशी येतं आणि पहिल्या काही तासांतच बाहेर पडतं. संसर्ग झालेल्या जखमेला सुरुवातीचा मारा हवा असेल तर हे चालेल. चार दिवस हळूहळू हवं असेल तर एकात एक दोन सुया असलेली समाक्ष पद्धत वापरून औषध तंतूच्या गाभ्यात ठेवावं लागतं. मात्रेचा हिशेब आधी करा. वरच्या १ मिलिग्रॅमच्या थरात ५ टक्के औषध म्हणजे चौरस सेंटिमीटरला ५० मायक्रोग्रॅम.

जिवाणूंच्या थाळीत तुकड्याभोवती स्वच्छ वर्तुळ आलं नाही म्हणून थर निकामी ठरत नाही. औषध आगरमध्ये, म्हणजे थाळीतल्या जेलीत, पसरलं तरच वर्तुळ येतं. कायटोसानसारखा जागेवर राहून काम करणारा पदार्थ त्या चाचणीत नापासच दिसतो, त्याला थेट संपर्कात जिवाणू मोजण्याची चाचणी लावा. चांदीच्या बाबतीत जिवाणूंची आणि पेशींची चाचणी एकाच घाण्यातल्या तुकड्यांवर करा. जिवाणूंना पुरेशी आणि त्वचेच्या पेशींना सोसवणारी, यांतलं अंतर फार मोठं नसतं.

निर्जंतुकीकरण आणि पेशी

सगळ्या अंतिम चाचण्या निर्जंतुक केलेल्या तुकड्यांवरच कराव्यात, कारण त्या प्रक्रियेतच थर बदलतो. ऑटोक्लेव्हचे १२१ अंश पीसीएलसाठी अशक्य, ते ६० अंशांनाच वितळतं. २५ किलोग्रेचा गॅमा किरणांचा नेहमीचा डोस पीसीएल, पीएलजीए यांसारख्या पॉलिएस्टरच्या साखळ्या तोडतो. इथिलीन ऑक्साइड तंतू जपतं, पण वायू पूर्ण निघून जाईपर्यंत थांबावं लागतं. ७० टक्के अल्कोहोल आणि अतिनील दिवा हे पेशींच्या प्राथमिक प्रयोगापुरतं ठीक. अतिनील किरण थराच्या आतवर पोचत नाहीत आणि अल्कोहोलातलं ३० टक्के पाणी न बांधलेल्या पीव्हीएला फुगवतं.

उरलेल्या द्रावकाकडेही बघा. औषधांसाठीच्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत क्लोरोफॉर्मची मर्यादा ६० पीपीएम आणि डीएमएफची ८८० पीपीएम आहे. थर कोरडा लागला म्हणजे द्रावक गेलं असं नाही. निर्वात ओव्हनमध्ये एक-दोन दिवस, पीसीएल असेल तर ४० अंशांच्या आत.

पेशींच्या चाचणीसाठी आयएसओ १०९९३-५ हे मानक. तुलनेच्या पेशींच्या ७० टक्क्यांहून कमी जिवंत राहिल्या तर पदार्थ विषारी धरला जातो. आकडा खाली आला तर लगेच पॉलिमर बदलू नका. नुसत्या पॉलिमरचा, औषध आणि क्रॉसलिंकिंग दोन्ही नसलेला तुकडा शेजारी लावा. पाण्यात न टिकणाऱ्या पीव्हीएसाठी मेथॅनॉलने बांधलेला आणि धुतलेला घ्या. तो पास झाला तर दोष उरलेल्या क्रॉसलिंकरचा किंवा औषधाच्या मात्रेचा, आणि तोही नापास झाला तर आधी द्रावकाचे अवशेष मोजा, मग थर भिजवलेल्या माध्यमाचा सामू. अॅसेटिक आम्लात कातलेले थर बऱ्याचदा इथेच अडतात, आणि बफरने दोन-तीनदा धुतल्यावर आकडा वर येतो.